नऊ शेळ्यांचा दशांश

रंभाबाई चाळिशी ओलांडल्यावर अक्षरं शिकली. मंडळीतल्या बायकांना वाटलं, नवरा गेला आणि बाईला देवाची ओढ लागली. पाळकांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी एका रविवारी उपदेशात तिचं उदाहरणही दिलं. खरं सांगायचं तर तिला ओढ लागली होती ती कुंडलिक मास्तरांच्या नरडीची. नुसती नरडी धरायला दोन हात पुरले असते. पण तिला ती चारचौघांत आणि मास्तरांच्याच पुस्तकानं धरायची होती, म्हणून वाचायला येणं भाग होतं.

सोलापूरच्या गिरण्या मागं टाकून होटगीच्या रस्त्याला लागलं की ख्रिस्ती लोकांची पन्नासेक घरांची वस्ती होती. मध्ये प्रार्थनामंदिर, शेजारी मिशनची शाळा. कुंडलिक मास्तर त्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे कारभारी. मिशनचा गोरा साहेब महिनोन्‌महिने दौऱ्यावर असायचा आणि पाळक मुकुंदराव पडले भिडस्त, त्यामुळं वस्तीत मास्तर म्हणतील ती पूर्व. मास्तर व्यसनी नव्हते, शिवी देत नव्हते, पांढरं धोतर कधी मळू देत नव्हते. असल्या माणसाचा राग करायलाही लोकांना चोरी वाटते.

मास्तरांचा आवडता विषय म्हणजे दशांश. देवानं दिलेल्या प्रत्येक गोष्टीचा दहावा भाग देवाचा, तो त्याच्या कोठारात आणून टाकायचा. मलाखी संदेष्ट्याचं ते एक पान मास्तरांना तोंडपाठ होतं. माणसानं देवाला लुबाडावं काय, असं संदेष्टा विचारतो आणि उत्तरही तोच देतो, की लुबाडता, दशांश दडवून लुबाडता. हे म्हणताना मास्तरांचं बोट एकेका बाकावरून फिरायचं. ज्याच्यावर थांबेल त्याची मान खाली जायची.

एकोणीसशे सव्वीसच्या पिकाच्या सणाला ते बोट महिपतीवर थांबलं. शाळूची ज्वारी निघाली की वस्तीत हा सण व्हायचा. कुणी पायलीभर ज्वारी आणायचं, कुणी कोंबडी, कुणी गुळाची ढेप. सगळं वेदीपुढं मांडायचं आणि प्रार्थना झाली की अंगणात लिलाव करून आलेली रक्कम मंडळीला जमा करायची. महिपती हा रंभाबाईचा नवरा. त्याच्याकडं नऊ शेळ्या होत्या. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की चाळीचाळीत दूध घालायचा आणि दिवसभर शेळ्या चारायचा. त्या सणाला त्यानं शेरभर दूध आणलं आणि मास्तरांना हात जोडून सांगितलं की शेळ्या नऊच हायती, दहावी झाली की ती देवाची.

मास्तर व्यासपीठाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. देवाशी मोजामोजी करणारा माणूस हा देवाचा चोर, इतकंच ते म्हणाले, आणि महिपतीचं नाव घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. मग आपल्या मेव्हण्याला पाठवून महिपतीच्या दावणीची चांदी सोडून आणवली. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेली, दोन्ही वेळचं दूध देणारी शेळी, आख्ख्या कळपाची पुढारीण. दुपारी लिलावात मास्तरांच्या मेव्हण्यानंच बोली लावली. कारभाऱ्याच्या घरच्या बोलीवर बोली करायची कुणाची छाती नव्हती. संध्याकाळी चांदी मास्तरांच्या गोठ्यात होती. शेळी जाते जिवानिशी म्हणतात, ही जिवंतच गेली आणि मालकाला मारून गेली.

कारण 'देवाचा चोर' हे नाव महिपतीला चिकटलं. चाळीतल्या बायका दूध मापून घेताना हसायला लागल्या, वस्तीतली पोरं लांबून चोर चोर ओरडायला लागली. महिपती साधा माणूस, उलटून बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मंदिरात जायचं सोडलं, मग चाळीत जायचं सोडलं, मग जेवायचं सोडलं. पावसाळ्यात हिवताप आला आणि चार दिवसांत तो गेला. जाताना तापात तो एकच विचारत होता, म्या काय चोरलं गं. मयताला वस्तीतलं कुणी आलं नाही, मास्तरांनी तसा निरोप फिरवला होता. खांदा दिला चाळीतल्या दोन मोमीन विणकरांनी, एका पद्मसाळी विणकरानं आणि रंभाबाईच्या भावानं. पाळक आले, पण प्रार्थना आटोपून लगबगीनं गेले.

रंभाबाई रडली नाही असं नाही. पण रडून झाल्यावर तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. ज्या तोंडानं महिपतीला चोर म्हटलं त्याच तोंडानं ते परत गिळायचं, आणि तेही त्याच पायरीवर, सगळ्या मंडळीपुढं. त्याहून कमी तिला काही नको होतं.

प्रभाबाई म्हणून एक म्हातारी बाई मिशनतर्फे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र सांगायची. रंभाबाईनं तिचे पाय धरले आणि अक्षरं शिकवा म्हणाली. पहिलं वर्ष बाराखडीत गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं बायबलाचं पुस्तक पहिल्या पानापासून धरलं. शेळ्या बाभळीखाली बसल्या की ही बोट ठेवून वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची, एकेका पानाला तीन-चार दिवस लागायचे. जग झालं, पूर आला, लोक मिसरातून निघाले, यज्ञाचे नियम आले, कुष्ठाचे नियम आले. कितीदा कंटाळा आला तिला. पण महिपतीचा प्रश्न कानात असायचा आणि बोट पुढं सरकायचं.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तिला हवं ते सापडलं. बायबलातल्या सहासष्ट पुस्तकांपैकी तिसरं, मोशेच्या नियमशास्त्रातलं, लेवीय नावाचं, आणि त्याचं अगदी शेवटचं पान. शेळ्यामेंढ्यांचा दशांश कसा काढायचा ते तिथं स्वच्छ लिहिलं होतं. जनावरं काठीखालून एकेक जाऊ द्यायची आणि जे दहावं जाईल ते देवाचं. ते चांगलं की वाईट हे बघायचं नाही. बदलायचं नाही. बदललंच तर ते आणि त्याच्या बदल्यातलं, दोन्ही देवाचं. रंभाबाईनं ते सोळा वेळा वाचलं. दहावं म्हणजे दहावं. नऊच असतील तर दहावं येणार कुठून? महिपती, अंगठेबहाद्दर माणूस, शास्त्रातलंच बोलला होता, आणि मास्तरांनी जन्मभर एक पान घोकलं, हे पान उघडलंच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर पुस्तक घेऊन तडक मास्तरांच्या दारात गेली असती. रंभाबाई गेली नाही. दारात गेलं तर मास्तर शंभर अर्थ काढतील आणि वर बाईला अक्कल शिकवतील, हे तिला ठाऊक होतं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मास्तरांचं नाक कुठं दाबायचं तेही तिला दिसत होतं, कारण रोज चरायला जाताना त्यांचा गोठा वाटेत लागायचा. तीन वर्षांत चांदीच्या पोटी वंश वाढला होता, दोन शेळ्या विकतही घेतल्या होत्या. आता मास्तरांच्या दावणीला एकोणीस जनावरं होती. वीस झाली होती खरी, पण विसावं करडू मंगळवार बाजारात गेलं. वीस म्हणजे दोन द्याव्या लागतील, हे गणित मास्तरांना बरोबर कळत होतं. रंभाबाईनं ते लक्षात ठेवलं.

सणाच्या महिनाभर आधी ती पाळकांकडं गेली. पदर सावरून, मान खाली घालून म्हणाली की आमा बायकांना दशांशाचं नीट कळत न्हाय, यंदा साहेब यायचा हाय, तर मास्तरांनी आपल्या शेळ्या काठीखालून घालून सगळ्यांना दाखवावं. मुकुंदरावांना गहिवरून आलं. चोराची बायको म्हणून जिला वाळीत टाकलं ती बाई आपणहून असं मागते आहे. त्यांनी साहेबाला लिहिलं, साहेबानं वा वा केली, आणि मास्तरांना नाही म्हणायची सोय उरली नाही. शिवाय मास्तरांनाही ते आवडलं. साहेबापुढं दशांश देणारा पहिला माणूस आपण, यापेक्षा मोठा मान कोणता?

सणाच्या दिवशी अंगणात बाभळीच्या फांद्यांचा वाडा घातला होता. एकच अरुंद तोंड, एका वेळी एकच जनावर मावेल इतकं. तोंडाशी मास्तर, हातात काठी. आत त्यांचा मेव्हणा सिद्धप्पा एकेक शेळी पुढं ढकलायला. समोर सतरंजीवर साहेब आणि पाळक, मागं सगळी मंडळी. रंभाबाई वाड्याच्या तोंडाजवळ बायकांच्या पुढं येऊन उभी राहिली. तिला आत काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. सिद्धप्पानं एक मागच्या पायानं लंगडणारी, दूध आटलेली म्हातारी शेळी कानाला धरून बाजूला ठेवली होती. ती दहावी जायची होती, आणि चांदी सगळ्यांच्या मागं ठेवली होती. देव काय, लंगडी घेतली तरी तक्रार करत नाही.

मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. पोरं मोठ्यानं मोजू लागली, साहेबही हसत मोजू लागला. नववी बाहेर पडली, आणि सिद्धप्पा लंगडीला पुढं ओढणार तेवढ्यात रंभाबाईनं जीभ टाळ्याला लावून दोनदा टचटच केलं. महिपती दूध काढायच्या वेळी चांदीला असंच बोलवायचा. तीन वर्षं झाली होती. पण शेळी माणसासारखी विसरत नाही. चांदीनं मान वर केली, सिद्धप्पाच्या पायातून उसळी मारली आणि काठीखालून बाहेर येऊन रंभाबाईच्या लुगड्याला तोंड घासू लागली. पोरांनी दहा म्हणून आरोळी ठोकली.

मास्तरांचा चेहरा उतरला. कळपातली सगळ्यात चांगली शेळी! पण माणूस हुशार, क्षणात सावरले. साहेबाकडं वळून म्हणाले की ही आडदांड शेळी मध्येच घुसली, ही काही खरी दहावी नव्हे, दहावी ही. आणि त्यांनी स्वतः आत हात घालून लंगडीला बाहेर ओढलं. साहेबानं मान डोलावली. मंडळीत कुजबूज झाली, पण मास्तरांपुढं बोलणार कोण? हे आजवर असंच चालत आलं होतं.

रंभाबाईनं काखेतल्या फडक्यातून पुस्तक काढलं. खूण घातलेलं पान उघडलं, बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर सुटं करून, जोडाक्षराला थांबून, परत मागं जाऊन ती वाचत राहिली. वाचायला इतका वेळ लागला की मास्तरांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, पण साहेबानं हात वर करून त्यांना गप्प केलं. जनावर चांगलं की वाईट बघू नये. बदलू नये. बदललं तर दोन्ही देवाची.

मास्तर म्हणाले की बाईला अजून नीट वाचता येत नाही. मुकुंदरावांनी पुस्तक हातात घेतलं, पान वाचलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा मास्तरांच्या विरुद्ध बोलले. असंच लिहिलंय, म्हणाले, दोन्ही शेळ्या गेल्या. मागं कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यानं मास्तर जास्त दुखावले की चांदी गेल्यानं, हे सांगणं अवघड आहे. एक द्यायला आले होते, दोन गेल्या, आणि आता ही बाई पुस्तकातून आणखी काय काढील याची त्यांना धास्ती पडली.

रंभाबाईनं तेच ओळखलं होतं. ती अगदी नरमाईनं म्हणाली, "मास्तर, लंगडी गेली ती बदलीत गेली. पर दहावीच्या मागं वाड्यात नऊ हुत्या की. त्या नवांचा दशांश कुटला?"

"नवांना दशांश नसतो," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "दहावं जनावर काठीखालून जाईल तेव्हाच दशांश. नऊ असतील तर नऊच्या नऊ मालकाची. आताच वाचलंस ना? हे शास्त्र आहे बाई, माझ्या मनाचं नाही."

"मागच्या लोकास्नी ऐकू गेलं न्हाय. पुन्यांदा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. शाळेत वर्गाला सांगतात तसं, नऊ बोटं वर करून सांगितलं. उरलेली जनावरं वाचवायच्या नादात आपण कुठं चाललोय हे त्यांना कळलंच नाही.

"आमच्या मालकाच्या शेळ्या किती हुत्या?" रंभाबाईनं विचारलं.

वर गेलेली बोटं तशीच राहिली. गर्दीच्या टोकाला आप्पा नावाचा म्हातारा बसला होता, महिपतीच्या शेजारचा, मयताला न आलेल्यांतलाच एक. तो काठी टेकत उभा राहिला. "नऊ हुत्या," तो म्हणाला. "म्या रोज बघत हुतो. नऊच." आणि मग तो बसला नाही, उभाच राहिला.

मास्तरांनी चांदीच्या गळ्यातलं दावं धरून रंभाबाईपुढं केलं. घेऊन जा, म्हणाले, आणि झालं गेलं विसरून जा. बाकीचं बोलणं त्यांनी हळू आवाजात केलं, की वाटलं तर चांदीची करडंही ने. रंभाबाईनं दाव्याला हात लावला नाही.

"शेळी नगं," ती म्हणाली. "ती देवाची झाली. मला शबुद पायजे. तवा ज्या पायरीवर हुबं हुता त्याच पायरीवर."

मास्तरांनी पाळकांकडं पाहिलं. पाळक जमिनीकडं पाहत होते. त्यांनी साहेबाकडं पाहिलं. साहेबानं शेजारी बसलेल्या माणसाला विचारून आत्ताच सगळी हकिकत समजून घेतली होती आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. शेवटी मास्तर वळले, मंदिरात गेले, आणि त्यांच्या मागं सगळं अंगण आत गेलं. पायरीवर उभं राहून मास्तर म्हणाले की महिपती चोर नव्हता. शब्द त्यांच्या ओठांतच राहिले. रंभाबाईनं मोठ्यानं म्हणा म्हणून सांगितलं. त्यांनी मोठ्यानं म्हटलं.

"मग चोर कोन हुता?"

पांढऱ्या धोतराचा सोगा मास्तरांच्या हातात चुरगळला होता. रंभाबाईला घाई नव्हती, तीन वर्षं थांबलेली बाई आणखी थोडं थांबायला तयार होती. "मी," मास्तर म्हणाले, आणि पायरीवरच खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रंभाबाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, अंगातून शिरशिरी गेली इतका झाला. मास्तरांचं रडणं तिनं डोळे भरून पाहिलं, एकही आसू नजरेतून सुटू दिला नाही. तापात बडबडणाऱ्या महिपतीला उत्तर मिळालं होतं. लोकांना वाटलं आता बाईचं मन निवेल. ते निवलं नाही, उलट मास्तर खाली बसले म्हणून तिला राग आला, कारण उभं राहून रडताना ते जास्त चांगले दिसले असते.

मुकुंदराव पुढं आले. भिडस्त माणूस, पण असल्या वेळी काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मास्तरांना हात देऊन उठवलं आणि रंभाबाईपुढं आणून उभं केलं. मास्तरांनी हात जोडले. पाळक म्हणाले की प्रभूनं शत्रूलाही क्षमा करायला सांगितलं आहे, साताच्या सत्तर वेळा करायला सांगितलं आहे, तर रंभाबाई, तूही आता या भावाला क्षमा कर. साहेबानं आधीच डोळे मिटून प्रार्थनेसाठी हात जुळवले होते.

रंभाबाईनं पुस्तक फडक्यात नीट गुंडाळलं.

"लिवलं आसंल, पाळकसायेब," ती म्हणाली. "तुमी खोटं कशाला सांगाल? पर म्या अजून तिसऱ्याच पुस्तकात हाय. तितवर पोचले की बगू."

ती बाहेर पडली. आत सगळे तसेच उभे होते. ती किती सावकाश वाचते, ते त्यांनी आत्ताच ऐकलं होतं.